सोडलेला शार्क जगतो का?

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक चित्रफीत हातोहात फिरली. मंडळींपैकीच एकाचा पुतण्या मित्रांबरोबर समुद्रावर सहलीला गेला होता आणि भाड्याच्या होडीतून गळ टाकण्याची हौस भागवताना हातोड्यासारख्या डोक्याचा, जेमतेम चार फुटांचा एक शार्क त्यांच्या गळाला लागला होता. होडीच्या फळ्यांवर तो आपटत होता. एकाने शेपटीला धरून त्याला उलटा टांगला, दुसऱ्याने कल्ल्यांच्या फटींत बोटे घालून तोंड कॅमेऱ्याकडे वळवले, तिसरा पक्कड घेऊन जबड्यातला गळ उपटण्याच्या खटपटीला लागला. फोटो झाले, गळ निघाला, ‘सोड रे, सोड’ असा गलका झाला आणि मासा पाण्यात भिरकावला गेला. होडीत टाळ्या वाजल्या आणि इकडे फुटाळ्यावरही मुलांच्या भूतदयेचे कौतुक झाले.

मी ती चित्रफीत घरी घड्याळ लावून पुन्हा पाहिली. मासा पाण्याबाहेर चार मिनिटांहून अधिक काळ होता. अखेरच्या दोन-तीन सेकंदांत, कॅमेरा हसऱ्या चेहऱ्यांकडे वळण्याआधी, पांढरे पोट वर करून तो हळूहळू खाली जाताना दिसतो. शेपूट हलत नाही. ज्याला आम्ही सुटका म्हणत होतो, ती बहुधा केवळ मृत्यूची जागा बदलण्याची क्रिया होती.

या मुलांना मी दोष देत नाही, कारण त्यांनी जे केले तेच आपला कायदा, आपल्या योजना आणि आपल्या वर्तमानपत्री बातम्या थोड्या अधिक गंभीर चेहऱ्याने करत आल्या आहेत. मासा पाण्यात परत गेला की नोंद पूर्ण होते. तो कसा हाताळला गेला, किती वेळ बाहेर होता आणि पाण्यात गेल्यावर पोहला की बुडाला, हे प्रश्न त्या नोंदीच्या बाहेर राहतात. माझे म्हणणे इतकेच आहे की शार्कच्या बाबतीत हाताळणी हाच संवर्धनाचा गाभा आहे, आणि तो ज्या धोरणात नाही ते धोरण सोडलेल्या माशांची संख्या वाढवील, जगलेल्या माशांची नाही.

हा आग्रह का, हे कळण्यासाठी त्या माशाचे शरीर थोडे समजून घ्यावे लागते. आपण विदर्भातली माणसे रोहू, कटला, मरळ यांच्या ओळखीची. या माशांच्या कल्ल्यांवर झाकण असते. ते उघडझाप करून मासा एका जागी थांबूनही पाणी आत ओढू शकतो. शार्कला असे झाकण नाही, उघड्या फटी आहेत. तळाशी पडून राहणाऱ्या काही जाती तोंडाच्या स्नायूंनी पाणी आत घेतात, पण हातोडीडोक्यासारख्या खुल्या पाण्यातल्या जातींना श्वास घ्यायचा तर पुढे पोहत राहावे लागते. अशा शार्कला जाळ्यात किंवा गळावर जखडून ठेवले की तो पाण्यात असूनही गुदमरू लागतो. म्हणजे होडीवर येईपर्यंतच त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडलेली असते, आणि आपला फोटोचा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. शार्कच्या अंगात हाड नाही. आपल्या नाकाचा शेंडा ज्याचा बनलेला असतो त्या कूर्चेचाच त्याचा सगळा सांगाडा असतो. आतले अवयव सावरून धरणारा बरगड्यांचा पिंजराही त्याला नसतो. त्याचे वजन आयुष्यभर पाण्याने पेललेले असते. त्याला शेपटीने टांगले की मणक्यांचे सांधे ताणले जातात आणि पोटातले अवयव डोक्याच्या दिशेने लोंबू लागतात. यांतले यकृत एकटेच काही जातींत शरीराच्या वजनाच्या पाव भागापर्यंत असते. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही, आणि आत मात्र इजा झालेली असते. झटापटीत स्नायूंमध्ये तयार झालेले लॅक्टिक आम्ल रक्तात उतरते आणि त्याचा परिणाम कधी लगेच, कधी काही तासांनी होतो. म्हणूनच होडीपासून जोमाने पोहत गेलेला शार्कही पुढे मरू शकतो. उपग्रहाद्वारे माग काढणाऱ्या खुणपट्ट्या लावून झालेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले आहे की टायगर शार्क हा ताण पुष्कळ सोसतो, तर मोठा हातोडीडोक्या फार लवकर कोसळतो. गाभण मादी तर पुष्कळदा पकडली गेल्याच्या धक्क्यानेच पिल्ले अकाली टाकते, आणि होडीवर जन्मलेली ती पिल्ले पाहून लोकांना वाटते, आपण बाळंतपण पाहिले.

रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते. शार्कचे तसे नाही. बहुतेक जाती उशिरा वयात येतात, थोडीच पिल्ले देतात आणि दोन विणींमध्ये बराच काळ जाऊ देतात. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासूनच्या अर्धशतकात सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे मुख्य कारण अतिमासेमारी हेच सांगितले गेले. इतक्या सावकाश भरून येणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत एकेक प्रौढ मादी जगणे याला मोल आहे.

मग करायचे काय, तर बहुतेक वेळा जितके कमी करता येईल तितके. शार्क होडीवर घ्यायचाच नाही, हा पहिला नियम. तो बाजूला, पाण्यातच ठेवावा, आणि शक्य असेल तर होडी मंद गतीने पुढे चालू ठेवावी, म्हणजे त्याच्या तोंडातून कल्ल्यांकडे पाणी वाहत राहते. गळ दिसत असून सहज निघण्यासारखा असेल तरच लांब दांड्याच्या साधनाने काढावा; खोल गिळला असेल तर उपटण्याच्या भानगडीत पडू नये, दोरी किंवा तार गळाच्या जितकी जवळ कापता येईल तितकी जवळ कापावी. इथे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला प्रथम चुकीची वाटणारी एक गोष्ट आहे: जबड्यात गळ राहिलेला मासा आपल्याला अर्धवट सोडलेला वाटतो, पण साध्या लोखंडाचा गळ खाऱ्या पाण्यात गंजून पडण्याची शक्यता असते, उलट आतडे फाडून काढलेला गळ माशाचा जीव घेतो. गळापेक्षाही मागे लोंबणारी दोन-तीन हात दोरी अधिक घातक, कारण ती कल्ल्यांना किंवा परांना गुंडाळली जाते. स्टेनलेस स्टीलचा गळ मात्र सहजी गंजत नाही. म्हणून तो वापरूच नये. गोल वळणाचा गळ वापरला तर तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो, पोटात जात नाही.

नाइलाजाने मासा वर घ्यावाच लागला, तर त्याला आडवा ठेवून दोन ठिकाणी आधार द्यावा: एक हात शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा छातीच्या परांच्या मागे, पोटाखाली. कल्ल्यांत बोट नको, डोळ्यांवर बोट नको, मासा ओढायची आकडी तर नकोच नको. डोळ्यांवर ओले फडके टाकले की तो पुष्कळदा शांत होतो. मिनिटभरात काम उरकत नसेल तर काम सोडावे, माशाला धरून ठेवू नये. पाण्यात सोडताना फेकायचे नाही. तोंड पुढे करून पाण्यात धरायचे आणि शेपटीने तो स्वतः जोर करू लागला की हात काढायचा.

यात भूतदयेइतकाच माणसाच्या सुरक्षिततेचाही भाग आहे, आणि माझ्या मते मच्छीमारांशी बोलताना तोच आधी सांगितला पाहिजे. कूर्चेच्या सांगाड्यामुळे शार्क इतका लवचीक असतो की शेपूट धरलेल्या माणसाच्या मनगटापर्यंत तो वळून पोहोचू शकतो. त्याची कातडी बारीक दातेरी खवल्यांची. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरला तर कानशीवर घासल्यासारखा सोलून निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने चावा घेतल्याने एका तरुणाचा पाय गंभीर जखमी झाला, तेव्हा राज्यभर दोन दिवस भीतीची चर्चा झाली आणि मग विषय मिटला. खाडीत शार्क दिसला किंवा जाळ्यात आला तर काय करावे हे त्या चर्चेतून किती जणांना कळले असेल, याची मला शंका आहे.

आता प्रश्न असा विचारला जाईल की समुद्रापासून इतक्या दूर, नागपुरात बसून हे सांगण्याचा आम्हाला काय अधिकार? समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबईच्या वेशीपर्यंतचे अंतर ७०१ किलोमीटर आहेच. पण समुद्र दूर असला तरी त्याचे कागद इथेच असतात. राज्याच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि शार्कच्या काही संरक्षित जाती कायद्याच्या दृष्टीने वाघाच्याच पंक्तीत बसतात. व्हेल शार्क हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आलेला पहिला मासा. त्याला ते संरक्षण मे २००१ मध्ये मिळाले. त्याच वर्षी जुलैत सगळ्याच शार्क-पाकटांना अनुसूचीत घातले गेले, किनाऱ्यावरून विरोध झाला आणि डिसेंबरात यादी मोजक्या जातींवर आणली गेली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २०२३ पासून अमलात आली, संरक्षित जाती पुन्हा वाढल्या. राज्याचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपुरातच आहे, आणि त्याचे एक मत्स्य महाविद्यालय तेलंखेडीला. गोड्या पाण्याच्या गावाला खाऱ्या पाण्याचा कारभार देण्यात गंमत आहे खरी, पण दिला आहे तर त्याची जबाबदारीही येते. शिवाय दर डिसेंबरात विधिमंडळ इथे भरते आणि कोकणातले आमदार आपले प्रश्न घेऊन आमच्या थंडीत कुडकुडत येतात.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०१८ मध्ये वनविभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून एक योजना सुरू केली: जाळ्यात चुकून अडकलेला व्हेल शार्क, कासव किंवा अन्य संरक्षित जलचर जाळे कापून सोडल्यास मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कल्पना चांगली, उद्देश चांगला, आणि तिच्यामुळे अनेक प्राणी सुटलेही. त्यातला एक योगायोग मात्र मला नेहमी खटकतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीसाठी कायद्याने ठरवलेला किमान दंडही दुरुस्तीनंतर २५,००० रुपयेच आहे. मारण्याचा भाव जिथे सुरू होतो तिथे वाचवण्याचा भाव संपतो.

पण मुख्य आक्षेप रकमेचा नाही. भरपाई जाळ्याची आहे, आणि पुरावा छायाचित्राचा. म्हणजे तांडेलाने, होडीच्या प्रमुखाने, आधी प्राणी ओळखायचा, मग मोबाईल शोधायचा, मग अडकलेला प्राणी, कापलेले जाळे आणि सुटका हे सारे दिसेल असे चित्रण करायचे. खवळलेल्या समुद्रात, पाच-सहा खलाशांच्या होडीवर यातला प्रत्येक मिनिट माशाच्या खात्यातून वजा होतो. प्राणी बाजूला पाण्यात ठेवून धावत्या चित्रणात जाळे कापण्याऐवजी ‘फोटो नीट येऊ दे’ म्हणून तो ओढला जात असेल, तर पुरावाच अपायाचे कारण ठरतो. फुटाळ्यावरच्या चित्रफितीतली गोष्ट हीच होती, फक्त तिथे भरपाईऐवजी कौतुक मिळाले.

गुजरातला हा पेच आधी भेटला होता. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार थांबवण्यासाठी २००४ पासून वनविभाग, एक वन्यजीव संस्था आणि एक उद्योगसमूह यांनी मिळून मोहीम चालवली. मोरारीबापूंनी त्या माशाला माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि ती तिथल्या कोळ्यांच्या मनाला जाऊन भिडली. आरंभी भरपाईसाठी अधिकाऱ्याने जागेवर येऊन खात्री करावी लागे आणि तोवर तो अजस्र मासा जाळ्यात तिष्ठत असे. २०१२ मध्ये मच्छीमारांच्या हातीच जलरोधक कॅमेरे देऊन ही खात्री त्यांच्यावर सोपवण्यात आली, त्यामुळे मासा अडकून राहण्याचा वेळ कमी झाला. आजवर तिथे शेकड्यांनी व्हेल शार्क सुटले आहेत. उपमेने मने बदलली, हे सर्वांच्या लक्षात राहते. कॅमेऱ्याने वाचवलेला वेळ फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला तोच धडा अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या विदर्भालाही या विषयात सांगण्यासारखे काही आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर मत्स्यबीज सोडणारे ढिवर बांधव कधी पाहिले असतील तर आठवून पाहावे. प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आली की ती फोडून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, धबाधबा ओतत नाहीत. पिशवी आधी तशीच तलावावर तरंगत ठेवतात, आतल्या-बाहेरच्या पाण्याचे तापमान जुळू देतात, मग तोंड उघडून तलावाचे थोडे पाणी आत घेतात, आणि बोटुकली आपण होऊन बाहेर निघू देतात. घाई केली तर मरतुक वाढते, आणि मरतुक वाढली तर संस्थेचे वर्ष बुडते. त्यांच्या हिशेबात किती सोडले याच्या शेजारीच किती जगतील हा विचार असतो. शार्कच्या सुटकेच्या हिशेबात मरतुकीचा हा रकाना हवा, एवढीच माझी मागणी आहे.

वाघ-बिबट्यांच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. सेमिनरी हिल्सच्या प्राणी उपचार केंद्राच्या गावात कोणालाही विचारा, बेशुद्ध केलेल्या बिबट्याचे डोळे झाकतात, श्वास आणि तापमान सतत पाहतात, उष्णता वाढली तर अंगावर पाणी घालतात, आणि गर्दी लांब ठेवतात. वाघ वस्तीत शिरला तर काय करायचे याची राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने लेखी कार्यपद्धतीच घालून दिली आहे. कोणी बेशुद्ध वाघाला शेपटीने उचलून फोटो काढला तर उद्या सकाळी नागपूर पेटून उठेल. त्याच अनुसूचीतल्या माशाला आपण तसे उचलतो आणि त्याला सुटका म्हणतो.

या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन्‌तास तळाशी ओढला गेलेला, शेकडो किलो मासळीखाली चेपलेला शार्क वर येतो तेव्हा बहुधा मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो; त्याला कितीही अलगद धरले तरी उपयोग थोडा. तिथे उत्तर जाळ्याच्या रचनेत, ओढण्याच्या वेळेत आणि कोणत्या भागात कधी ओढायचे यात शोधावे लागेल, हाताळणीत नाही. गळ, वावरी जाळे, किनाऱ्यालगतची डोल आणि रापण ही पारंपरिक जाळी, यांत मात्र प्राणी पुष्कळदा जिवंत हाती येतो, आणि तिथे दोन मिनिटांचा फरक निर्णायक ठरतो. नियम सर्वांना सारखा लावून भागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मुशी किंवा मोरी, म्हणजे लहान शार्क, ही कोकणात रोजच्या जेवणातली मासळी आहे, मालवणी घरात मोरीचे तिखट कालवण होतेच, आणि सगळ्याच जाती संरक्षित नाहीत. जो मासा विकायचा आहे त्याला जपून धरा असे मच्छीमाराला सांगणे हास्यास्पद होईल, हे खरे. कोणी मुशी खाऊ नये असे माझे म्हणणे नाही. पण कोणती जात संरक्षित आणि कोणती नाही हे जाळे ओढताना अर्ध्या मिनिटात ओळखण्याची अपेक्षा आपण तांडेलाकडून करतो, तर ती ओळख शिकवण्याची जबाबदारीही आपली. चूक झाली तर त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची भीती. त्या भीतीपोटी ओळख न पटलेला मासा अर्धमेल्या अवस्थेत गुपचूप समुद्रात ढकलला जातो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

हे शिकवायला वेळ आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणली-सांधली जात असतात आणि तांडेल घरी असतात. त्या दोन महिन्यांत प्रत्येक बंदरावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक व्हावे, आणि ते शक्यतो दुसऱ्या तांडेलाने घ्यावे, कारण अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा चार मासे नीट सोडलेल्या माणसाचा हात अधिक शिकवतो. प्रत्येक नोंदणीकृत होडीवर लांब दांड्याचा बोल्ट कटर आणि गळ काढण्याचे साधे साधन असावे; परवाना नूतनीकरणाच्या वेळी जशी जीवरक्षक जाकिटे पाहतात तशी तीही पाहावीत. भरपाईसाठी पाण्यातल्या सुटकेचे अखंड, धावते चित्रण पुरेसे मानावे आणि मासा वर ओढून काढलेल्या छायाचित्राला उलट हरकत घ्यावी. अर्जात मासा पाण्याबाहेर अंदाजे किती वेळ होता आणि सोडल्यावर स्वतः पोहला का, हे दोन प्रश्न असावेत. नकारार्थी उत्तराने भरपाई अडू नये, नाहीतर सगळेच मासे कागदावर जोमाने पोहतील. आणि त्यातल्या काहींना तरी खुणपट्टी लावून पुढचे महिने माग काढला जावा. मुळात किती जगतात हे आपल्या किनाऱ्यावर मोजले गेले, तर आज मी अंदाजाने लिहितो आहे ते उद्या कोणी आकड्याने खोडू शकेल.

सहलीला जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी कायदा लागणार नाही. त्या पुतण्याला मी ही चित्रफीत थांबवून-थांबवून दाखवली, तेव्हा तो ओशाळला नाही, उलट चिडला: ‘काका, सोडायचं सगळ्यांनी सांगितलं, कसं सोडायचं ते कोणी सांगितलंच नाही.’ होडी भाड्याने देणाऱ्यानेही सांगितले नव्हते. त्याच्याजवळ जुनी पक्कड होती, कटर नव्हता. तसा कटर आमच्या इतवारीतल्या लोखंडाच्या दुकानांतही टांगलेला असतो.